टोपीवाल्या बाईचा निकाल

नानासो हवालदार फ्रान्सच्या एका बाईच्या नादाला लागला आणि तिच्यापायी त्यानं खंडोबापुढं शपथेला उचललेला भंडारा मोडला, अशी बातमी सोमवारी सकाळी दूध डेअरीवर फुटली. बातमी आणली धोंडुबाईनं. धोंडुबाईच्या म्हशीच्या दुधाला फॅट कधी लागत नाही, तिच्या बातमीला मात्र हमखास लागते. तिच्या किटलीतलं दूध मापात पडेपर्यंत ती बाई गोरीपान झाली, पांढरी टोपी घालायला लागली, सिगारेटी फुंकायला लागली. बातमी रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचली तेव्हा नानासोनं पासपोर्ट काढायला टाकला होता.

तर आधी दूध आणि पाणी वेगळं करू. बाई होती, हे खरं. फ्रान्सची होती, हेही खरं. टोपी खरी, सिगारेट खरी. फक्त ती पडद्यावर होती. सिनेमा इतका जुना, की तो निघाला तेव्हा नानासोच्या आईबापाची सोयरीकसुद्धा ठरलेली नसावी. बाई आज असलीच तर शंभरीला टेकली असेल. नानासो तिच्या नादाला लागला नाही; उलट तिच्यावर त्याचा जो राग बसला आहे, तो अजून उतरलेला नाही. राहिला भंडारा. तो मोडला की नुसता वाकला, यावर आमच्या आळीत दोन तट आहेत. पण मोडला असलाच तर तो बाईपायी नव्हे, भडंगाच्या एका पुड्यापायी.

हे कसं झालं ते समजायचं तर आधी नानासो समजायला पाहिजे.

नानासो पलटणीतनं हवालदार होऊन परत आला. पत्ते आपण पलटणीत शिकलो, असं तो सांगतो. पत्ते शिकला असेल, पण पैज मारायला तो पाळण्यातच शिकला असावा. शाळेत असताना मास्तर आधी कुणाचा कान धरणार यावर तो पैज मारायचा, आणि बहुतेक वेळा स्वतःच्याच कानावर जिंकायचा. मोठेपणी उसाच्या हंगामात कारखान्याच्या काट्यावर जाऊन बसायचा. ट्रॉली काट्यावर चढायच्या आधी तिच्याकडं एकदा तिरकं बघायचा आणि वजन सांगायचा. आकडा त्याच्या आसपासच घुटमळायचा. पुढं पुढं त्याच्याशी पैज लावायला ड्रायव्हर धजेनासे झाले, तेव्हा तो स्वतःशीच लावायला लागला, आणि हरला की दिवसभर स्वतःशी बोलायचा नाही.

त्याच्या लग्नाची गोष्ट तर जुनी माणसं अजून सांगतात. मंगलाष्टकं चालली आहेत, अंतरपाट धरलेला आहे, पलीकडं वडूजची मंगल मान खाली घालून उभी आहे. नवरदेवाच्या मागं त्याचा जिवाभावाचा दोस्त कृष्णात. नवरदेवानं मुंडावळ्यांच्या आडून त्याला हळूच सांगितलं, की अंतरपाट सुटला की नवरी वर बघणार. कृष्णात म्हणाला, दुष्काळी भागातली पोर आहे, लाजाळू असते, नाही बघायची. लागली पैज. अंतरपाट सुटला आणि मंगलनं मान वर करून नवरदेवाकडं सरळ बघितलं. नानासो हार घालायचा विसरून कृष्णातकडं वळला आणि हसला. भटजींना दोनदा सांगावं लागलं.

मंगलवहिनींना हे बारशाच्या दिवशी कळलं. त्यांनी एवढंच विचारलं, की माझ्यावर लावलं काय होतं? नानासो म्हणाला, लिमलेटची बाटली. वहिनी त्या दिवशी बोलल्या नाहीत. पण पैज लावल्याचा राग आला की लिमलेटच्या बाटलीवर लावल्याचा, हे नानासोला आजपर्यंत उमगलेलं नाही.

पैज म्हटलं की सातारा-सांगलीकडं शेवटी सगळे रस्ते बैलगाडीच्या मैदानाला जाऊन मिळतात. नानासोही तिथंच पोचला. घरात खिलारी खोंड होता, पाखऱ्या. तो वासरू असतानाच त्याची आई मेली, म्हणून मंगलवहिनींनी त्याला बाटलीनं दूध पाजून मोठा केला होता. त्यांच्या हाकेला तो गोठ्यातनं हंबरायचा. नानासोनं हाक मारली तर शेपूट हलवून माशी उडवायचा. असल्या पाखऱ्याला नानासोनं एका मैदानात दुसऱ्याच्या बैलाबरोबर जुंपला आणि भरीला पाखऱ्याच पैजेला लावला. गाडी हरली तर बैल समोरच्याचा.

गाडी सुटली. निम्म्या वाटेत जोडीतल्या दुसऱ्या बैलानं मान काढली, जुवाची शिवळ तोडली आणि तो माघारी पळाला. पण पाखऱ्या थांबला नाही. एकट्यानं गाडी ओढत, जू तिरपं झालेलं, तो सगळ्यांच्या आधी रेषेवर आला. मैदान नुसतं उसळलं. आणि झेंड्यावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या पंचानं झेंडा खालीच ठेवला. मैदानाचा नियम साधा आहे, एका बैलावर आलेली गाडी बाद. नानासो पंचाच्या अंगावर धावून गेला, आणि लोकांनी धरला म्हणून वाचला. पंच की नानासो, ते विचारू नये. पाखऱ्या संध्याकाळी दुसऱ्याच्या टेम्पोत चढला, आणि वहिनी दुसऱ्या दिवशी वडूजच्या गाडीत चढल्या.

त्या सबंध हंगामभर वहिनी माहेरी राहिल्या. नानासो आणायला गेला की त्यांचे भाऊ त्याला चहा द्यायचे, पाऊसपाण्याचं विचारायचे आणि स्टँडवर आणून सोडायचे. शेवटी वहिनींनीच अट घातली. पालीच्या खंडोबाला जायचं, देवापुढं बेल-भंडारा उचलायचा आणि म्हणायचं, की आजपासनं पैज नाही, पत्ता नाही, मैदानावर पाऊल नाही. नानासोनं भंडारा उचलला. कपाळाला लावलेला तो पिवळा मळवट घेऊनच दोघं घरी आली.

आणि एक सांगायला हवं. चेष्टा कितीही केली तरी नानासोनं शब्द पाळला. मध्ये काही वर्षं शर्यतींवर बंदीच होती, तेव्हा त्याचं बरं चाललं होतं. सगळा जिल्हाच उपाशी, त्यात एकट्याचा उपास कुणाला दिसत नव्हता. बंदी उठली आणि पंचाईत झाली. यात्रेच्या दिवसांत गल्लीतली झाडून सगळी माणसं मैदानात, आणि हवालदार एकटे उसाला पाणी पाजताहेत. मोबाईलवर शर्यती बघायला वहिनींची मनाई नव्हती, कारण मोबाईलला पाऊल लागत नाही. नानासो गोठ्यात बसून ते बघायचा, आणि दोन गाड्या एकदम आल्या की कॅमेरा मागं घेऊन पंच निकाल द्यायच्या आधी हा म्हशीला निकाल सांगून मोकळा व्हायचा. कधी चुकायचा नाही. म्हैस साक्षीला आहे.

ही कीर्ती यात्रा कमिटीच्या जयराजपर्यंत गेली. यंदा गावच्या यात्रेचं मैदान मोठं भरवायचं ठरलं होतं आणि झेंडा पंच मिळत नव्हता. झेंडा पंच म्हणजे शेवटच्या रेषेवर झेंडा घेऊन उभा राहणारा माणूस. पुढं कोण आलं ते त्यानं सांगायचं, आणि त्याचा शब्द सगळ्या मैदानानं मानायचा. त्याला नजर पाहिजे, आणि तो पैज लावणारा नको. नजर असलेली माणसं गावात पुष्कळ होती, पण पैज न लावणारा आणि त्यासाठी भंडारा उचललेला असा एकच निघाला.

जयराज घरी आला तेव्हा नानासो अंगणात दोरखंड वळत होता. त्यानं सगळं ऐकलं, दोरखंड तसाच हातात धरून उठला आणि आत चुलीपाशी बसलेल्या वहिनींकडं बघत राहिला. एवढा मोठा हवालदार, पण लग्नात बसलेल्या नवरीसारखा. जयराजनं ओळखलं आणि वहिनींना विचारलं. वहिनींनी त्याला चहा दिला, खारी दिली, आणि म्हणाल्या, "रविवारी आमी कराडला जाणार हाय. जाऊन आलो की सांगते."

कराडला काय, तर सिनेमा. त्यांची सून संयोगिता कराडातल्या एका कॉलेजात शिकवते. मुलगा रविराज फौजेत, म्हणून घरातली मोठी सत्ता सासू-सुनेची. संयोगितानं कॉलेजात सिनेमाचं मंडळ काढलं होतं आणि रविवारी दुपारी हॉलमध्ये फ्रान्सचा एक गाजलेला जुना सिनेमा दाखवायचा होता. त्याचं नाव घरात कुणालाच उच्चारता येईना. पोरं फार येणार नाहीत अशी तिला भीती, म्हणून ती घरी गोष्ट सांगत होती. एका बाईला जुगाराचं व्यसन असतं, आणि एका माणसाचं प्रेम तिला त्यातनं बाहेर काढतं. वहिनी भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला. लोक घरच्या माणसाला कीर्तनाला नेतात, तसं यांना ह्या सिनेमाला न्यायचं, असं त्यांनी तिथंच ठरवलं. माणूस कसा बसतो, कुठं डोळे मिटतो, कुठं पुढं सरकतो, ते बघायचं. आणि झेंड्याचं मग ठरवायचं.

नानासोला हे कळायला वेळ लागला नाही. म्हणजे परीक्षा पडद्यावरच्या बाईची नव्हती, खुर्चीवरच्या बाप्याची होती. झेंडा हवा असेल तर दोन तास देवळातल्या नंदीसारखं बसायचं. त्यानं मनाशी तसं ठरवलं, पांढरा शर्ट घातला आणि भाड्याच्या जीपमध्ये पुढं बसला. मागं वहिनी, संयोगिता, विनातिकीट कुठंही यायला तयार असलेली धोंडुबाई, आणि कृष्णात. कृष्णातला कुणी बोलावलं होतं ते अजून कळलेलं नाही. कराड स्टँडवर उतरून त्यानं भडंगाचा एक पुडा घेतला आणि खिशात कोंबला. सगळं पाप त्या पुड्यात होतं.

हॉलमध्ये बायका पुढं बसल्या. नानासोचा गुडघा पलटणीतला, त्याला पाय लांब करायला लागतो, म्हणून तो कृष्णातला घेऊन मागच्या रांगेत. संयोगितानं उभं राहून प्रस्तावना केली. हा सिनेमा म्हणजे जागतिक सिनेमातला मैलाचा दगड, असं ती म्हणाली. अर्ध्या तासानं कृष्णात नानासोच्या कानाशी लागला, "मैलाचा दगडच हाय गड्या. जाग्यावरनं हालंना."

खोटं नव्हतं. एक घड्याळं दुरुस्त करणारा पोरगा होता. तो घड्याळाकडं बघायचा, मग खिडकीकडं बघायचा, मग परत घड्याळाकडं. मग पांढरी टोपीवाली बाई आली. ती त्याच्याकडं बघायची आणि सिगारेट पेटवायची. दोघं समुद्राकाठी चालली. दोघं परत आली. खाली इंग्रजी अक्षरं पळत होती. संयोगिता त्याचं मराठी वहिनींना सांगायची, वहिनी ते आपल्या अंदाजानं धोंडुबाईला सांगायच्या, आणि धोंडुबाईच्या डोक्यात ती बाई त्या पोराची मावशी होऊन बसली होती. डेअरीवरच्या बातमीचं मूळ ते.

वहिनींचं अर्धं लक्ष मात्र मागं. दर थोड्या वेळानं त्या मान वळवून मागच्या रांगेकडं बघायच्या. "आत्ती, पडदा पुढं हाय," असं संयोगिताला एकदा सांगावं लागलं. नानासो नंदीसारखाच बसला होता. खरं म्हणजे त्याला झोप येत होती, आणि झोप आलेला माणूस पुण्यवान दिसतो.

मग आला क्लबातला प्रसंग. एक मोठं ताट, यात्रेतल्या चक्रीसारखं, त्यात कडेनं खाचा. ताट फिरवायचं आणि उलट्या बाजूनं गोळी सोडायची. गोळी कुठल्या रंगाच्या खाचेत पडते, लाल की काळ्या, त्यावर लोक पैसे लावत होते. हे संयोगितानं पुढच्या रांगेत सांगितलं आणि ते मागच्या रांगेतही ऐकू आलं. नानासोची झोप गेली. त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसला. ताट फिरलं, बाई जिंकली. फिरलं, हरली. फिरलं, जिंकली. मध्येच गोष्ट थांबवून तो पोरगा तिला काहीतरी प्रेमाचं सांगायला लागला, तेव्हा नानासोला पहिल्यांदा त्याचा राग आला. बाजूला ताट फिरतंय आणि ह्याचं काय चाललंय.

कृष्णातनं खिशातला पुडा काढला. तो वाजला. अंधारात भडंगाचा पुडा जेवढा वाजतो तेवढा तोफखाना वाजत नाही. कृष्णात पुटपुटला, "लाल पडणार. पुड्यावर लावतो."

नानासोनं हात मांड्यांखाली आणखी आत सारले.

"लाल, नाना."

ताट फिरत होतं. गोळी कडेनं पळत होती. नानासोनं पुढच्या रांगेकडं बघितलं. वहिनी नेमक्या पडद्याकडं बघत होत्या. आणि इतक्या वर्षांचा भंडारा त्याच्या तोंडातनं दोन अक्षरांत बाहेर पडला.

"काळा."

गोळी उडाली, घुटमळली आणि एका खाचेत बसली. बसली आणि दोघंही पुढं वाकले. सिनेमा होता जुना, काळापांढरा. लाल खाचा आणि काळ्या खाचा, दोन्ही एकाच करड्या रंगाच्या. खाली इंग्रजीत नुसता आकडा आला आणि गेला. कॅमेरा बाईच्या तोंडाकडं वळला. तिच्या तोंडावरनंही काही कळेना, कारण ती हरली तरी जिंकली तरी सारखीच सिगारेट ओढायची.

कृष्णात घाबरला होता. वहिनींनी बघितलं तर दोघांची धडगत नव्हती. त्याला विषय मिटवायचा होता, म्हणून त्यानं पुडा नानासोच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "काळाच असंल. घे. पुडा तुजा."

इथं नानासो गप्प बसला असता तर ही गोष्ट लिहावी लागली नसती. पुडा खिशात गेला असता, झेंडा हातात आला असता आणि देवसुद्धा काही बोलला नसता. पण नानासोच्या डोक्यात ते "असंल" अडकलं. असंल म्हणजे काय? असंल असा निकाल असतो होय? मैदानात दोन गाड्या एकदम आल्या तर पंच काय "ही असंल" म्हणून झेंडा टाकतो? आणि बघता बघता हवालदार ताडकन उभा राहिला, एक हात वर केला, आणि मैदानात कॅमेरावाल्याला सांगतात त्या आवाजात हॉलभर ऐकू जाईल असं म्हणाला, "कॅमेरा मागं घ्या. निकाल बगायचा हाय."

मशीनवर बसलेला माणूस कराडचाच. त्यानं मैदानं बघितलेली होती. हा आवाज ऐकून त्याचा हात आपोआप चालला. चित्र थांबलं, मागं गेलं, गोळी परत फिरली, परत बसली. करडी. "परत," नानासो म्हणाला. परत गेलं. आता आख्खा हॉल पुढं वाकला होता. कोपऱ्यातनं कुणी लाल म्हणालं, कुणी काळा. जी पोरं मघापासनं मोबाईलात डोकं घालून बसली होती, ती उठून पडद्यापाशी गेली. दुपारपासनं त्या सिनेमाला पहिल्यांदाच रंग आला होता, आणि नेमका कुठला तेवढं कळत नव्हतं.

मग पुढच्या रांगेतनं मंगलवहिनी उठल्या. त्या मागं वळल्या.

"निकाल कुणाचा?" त्यांनी विचारलं.

नानासोला पळवाट होती. सिनेमाचा, म्हणाला असता तरी चाललं असतं. संयोगितानं सांभाळून घेतलं असतं. कृष्णात त्याचा शर्ट मागनं ओढत होता. पण उभ्या माणसाला खोटं बोलायला वेळ लागतो, आणि नानासो अटेन्शनमध्ये उभा होता.

"माजा अन कृष्णाताचा," तो म्हणाला. "भडंगाचा पुडा लावला हुता."

वहिनी मागच्या रांगेपर्यंत चालत आल्या. हात पुढं केला. नानासोनं पुडा दिला. त्या तो घेऊन परत आपल्या जागेवर जाऊन बसल्या आणि मशीनकडं बघून म्हणाल्या, "चालू द्या."

पुढचा सगळा सिनेमा वहिनींनी भडंग खात बघितला. प्रेमाच्या प्रसंगांत तो कुरकुर आवाज फार लागत होता, पण त्यांना कोण सांगणार. शेवटाला तो घड्याळवाला पोरगा कंटाळून गाव सोडून निघाला, स्टेशनवर गेला. इकडं ताट फिरतंय, बाईनं सगळं लावलेलं. तेवढ्यात तिला काय वाटलं देव जाणे, गोळी पडायच्या आत ती उठली, टोपी तिथंच राहिली, आणि धावत सुटली. प्लॅटफॉर्मवर तिनं त्याला गाठलं, मिठी मारली, वाजंत्री वाजली आणि संपलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. धोंडुबाई रडली, मावशी-भाच्याची भेट झाली म्हणून. वहिनींनीही डोळे पुसले. भडंगात मिरची होती असं त्यांचं म्हणणं आहे.

मग संयोगितानं उभं राहून विचारलं, की कुणाला सिनेमाबद्दल काय वाटलं. कुणी उठेना. वहिनी न वळता म्हणाल्या, "ह्यान्ला इचार."

नानासो उठला. आता त्याच्या हातात एकच डाव उरला होता, आणि तो सोपा होता. सिनेमा छान, प्रेमानं व्यसन सुटतं, माझंही सुटेल, असं म्हणायचं आणि खाली बसायचं. वहिनींना तेच ऐकायचं होतं. झेंडा त्या वाक्याच्या पलीकडं उभा होता.

तो जरा वेळ टोपी राहिलेल्या त्या टेबलाचाच विचार करत असावा. मग म्हणाला, "बाकी सगळं ठीक हाय, पर शेवट खोटा हाय. गोळी फिरत असताना ती उठली, आन मागं वळून बगितली सुदिक न्हाई. असं कोण उठत न्हाई, पोरांनू. म्या किती वर्षं भंडाऱ्यात हाय, अजून रस्त्यानं उसाची ट्रॉली गेली की माजी मान वळती. आन आज तर तोंडच वळलं."

एवढं बोलून तो बसला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वहिनींनी रिकाम्या पुड्याची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि ती कमरेला खोचली.

येताना जीपमध्ये सगळी अंग चोरून बसली होती. कृष्णात तर इतका आखडून बसला होता की जागा उरली होती. नानासो पुढं, खिडकीबाहेर बघत. झेंडा गेला हे त्याला कळलं होतं. वडूजची गाडी किती वाजता असते तेवढं आठवायचं होतं. कृष्णेचा पूल मागं पडला. मग मागच्या सीटवरनं, खिडकीशी बोलावं तसा वहिनींचा आवाज आला.

"मग लागलं कुटलं हुतं?"

कृष्णात पटकन म्हणाला की लालच असणार, नाना हरला, आता विषय संपवा. नानासो मागं न बघता म्हणाला, "दिसलं न्हाई. दिसलं न्हाई त्येचा निकाल मी देत न्हाई."

रेल्वेच्या फाटकात जीप थांबली, तेवढ्यात संयोगितानं मोबाईल काढला. तो आकडा तिच्या लक्षात होता. हॉलभर तीनदा दाखवल्यावर कुणाच्या लक्षात राहणार नाही? त्या ताटात कुठला आकडा कुठल्या रंगाचा ते ठरलेलं असतं. तिनं ते शोधलं आणि म्हणाली, "काळा. मामा, तुमीच जितला हुता."

"मला बाई लालच वाटलं हुतं," वहिनी म्हणाल्या, आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

फाटकातनं आख्खी मालगाडी निघून गेली. मग पहिल्यांदा संयोगिता हसली. तिचं हसणं बघून धोंडुबाई हसली, काय झालं ते न कळता. शेवटी वहिनींना पदर तोंडाला लावावा लागला. नानासोनं मात्र मागं वळून बघितलं, आणि वहिनींनी मान वर करून त्याच्याकडं सरळ बघितलं. कृष्णातला लिमलेटची बाटली आठवली. पण तो तेवढा शहाणा आहे, बोलला नाही. संयोगितानंही नंतर कबूल केलं, की सिनेमा तिलाही फार रटाळ वाटला. पुस्तकात एवढा मोठा म्हणून लिहिलंय, मग आपण कसं म्हणायचं, म्हणून ती गप्प होती. मधल्या समुद्राकाठी तिला एक डुलकीही लागून गेली होती.

सोमवारी सकाळी, धोंडुबाई डेअरीवर गाव पेटवत होती त्याच वेळी, जयराज उत्तर विचारायला घरी आला. नानासो गोठ्यातच राहिला. वहिनींनी जयराजला पहिल्यांदा काल काय झालं ते सगळं सांगितलं, काही न लपवता, पुड्यासकट. जयराजचा चेहरा पडला. तो उठायला लागला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "बस. पुडा मांडीवर आला हुता. नुस्तं व्हय म्हनला असता तरी पचला असता. न्हाई पचला. असला माणूस झेंड्याला बरा. पर मी मैदानात येणार, आन त्येंचे दोन्ही हात मला दिसले पायजेत."

त्याप्रमाणं सगळं झालं. आधी दोघं पालीला जाऊन आली. नानासोनं परत भंडारा उचलला, आणि या वेळी वहिनींनीही बोटभर उचलला. का, ते त्यांनी देवालाच सांगितलं. तिथनं येताना त्यांनी देवाला मैदानाची तेवढी सूटही मागून घेतली, फक्त रेषेपुरती.

यात्रेच्या दिवशी मैदान फुललं. शेवटच्या रेषेवर पांढऱ्या शर्टात नानासो, एका हातात झेंडा, दुसऱ्या हातात शिट्टी; म्हणजे पैजेला हात रिकामाच नाही, ही व्यवस्था वहिनींची. त्या समोरच्या बांधावर ताडपत्री टाकून बसल्या होत्या, शेजारी संयोगिता आणि धोंडुबाई. माईकवरचा समालोचक घसा फोडत होता. पहिल्या फेरीतल्या दोन गाड्या नाकाला नाक लावून आल्या, सगळं मैदान दोन्ही नावं ओरडलं, आणि नानासोनं क्षणभर न थांबता झेंडा एका बाजूला टाकला. कमिटीनं कॅमेरा मागं घेऊन बघितलं. बरोबर होतं. दुसऱ्या बाजूच्या गाडीवाल्यानं लांबनंच हात जोडले. वहिनींनी बांधावरनं नुसती मान हलवली. पण नानासोनं ती एवढ्या गर्दीत हेरली.

दोन फेऱ्यांच्या मधल्या सुट्टीत माणसं पंचाभोवती गोळा झाली. डेअरीवरची बातमी तोवर चार गावं फिरून आली होती, आणि ती तोंडावर मारायची संधी कोण सोडतो. कृष्णातनंच सुरुवात केली. सगळ्यांच्या देखत, वहिनींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं त्यानं विचारलं, की काय नाना, फ्रान्सची बाई एवढी जीव तोडून धावत आली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आन तू तेवढा म्हणतोस शेवट खोटा. एवढा काय राग तिच्यावर?

नानासोनं झेंडा खांद्याला लावला.

"बाई पळत आली, ते खरं. पर जोडीतला एक बैल माघारी ताटापाशीच ऱ्हायला हुता. आन एका बैलावर आलेल्या गाडीला मी नंबर देत न्हाई."